बदली येईपर्यंत

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

"मी चौतीस वर्षांची असून नाशिकला एका शाळेत शिकवते. माझे वडील तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी आई कर्करोगाने गेली. तिच्यासाठी आमच्या चर्चच्या सगळ्या मंडळीने उपास करून प्रार्थना केली होती. तेव्हापासून मी प्रार्थनेला बसले की भिंतीशी बोलल्यासारखे वाटते. वडील मात्र रोज पहाटे पाच वाजता दाढी करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत ताठ बसतात, एक स्तोत्र मोठ्याने वाचतात, दोन मिनिटे डोळे मिटतात आणि उठतात. एकदा मी विचारले, 'बाबा, तुम्हाला काही जाणवतं का?' ते म्हणाले, 'ड्युटी आहे, बाळा.' मला त्या उत्तराचा राग आला. हा विश्वास आहे की परेडची सवय? धाकटा भाऊ तर म्हणतो की शत्रूवर प्रीती करा असे सांगणाऱ्याच्या शिष्यांनी हुकमाच्या ताबेदाराकडून काही शिकूच नये. मी उपासनेला जाते, पण दीड वर्ष प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत वाटली जाणारी भाकरी आणि द्राक्षरस, घेतलेले नाही. मन कोरडे असताना भाकरीला हात लावणे मला ढोंग वाटते, आणि अयोग्य रीतीने खाणाऱ्याविषयी प्रेषित पौलाने बायबलात लिहिलेले आठवून भीतीही वाटते. झोप नीट लागत नाही. मी काय करावे? ता. क. वडील दर मंगळवारी आई जिथे दाखल होती त्या रुग्णालयात जातात, नव्या रुग्णांच्या नातेवाइकांना केसपेपर काढून देतात, रक्तपेढीचा रस्ता दाखवतात. त्यांचा वेळ जावा म्हणून मीही काही म्हणत नाही."

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सलाम.

आपल्या वडिलांच्या त्या तीन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो, कारण जवळजवळ तेच उत्तर मी फार पूर्वी ऐकले आहे. देवळालीच्या छावणीजवळच्या एका मंडळीत मी काही वर्षे पाळक होतो. तिथल्या एका वृद्ध निवृत्त नाईकांनी मला रात्रीच्या पहाऱ्याविषयी सांगितले होते. दोन ते चार हा पहारा सर्वांत जड, असे ते म्हणत. थंडीने बोटे बधिर होतात, पापण्या मिटू लागतात, घर आठवते, आणि वाऱ्याने हललेले झुडूप माणसासारखे दिसते, 'थम! कौन आता है?' असे ओरडावे तर अंधारातून एखादी गाय पुढे येते. त्या दोन तासांत देशप्रेम जाणवते का, असे मी त्यांना विचारले. ते शांतपणे म्हणाले, "पादरीसाहेब, झोप जाणवते. पण बदली येईपर्यंत जागा सोडायची नाही."

ड्युटी या शब्दाचा आपण आणि आपले वडील वेगवेगळा अर्थ घेत आहात, असे मला वाटते. शाळेत किंवा कचेरीत हा शब्द बहुधा मन नसताना उरकायच्या कामासाठी येतो. पहाऱ्यावर उभे राहिलेल्या माणसासाठी मात्र त्यात आणखी एक गोष्ट गृहीत असते: आपल्याला इथे कोणीतरी उभे केले आहे, आपल्या मागे झोपलेली माणसे आहेत, आणि ज्याने उभे केले तो आपल्याला विसरलेला नाही. ती जाणीव प्रत्येक क्षणी मनाला ऊब देतेच असे नाही, तरी पाय जागेवर राहतात ते तिच्यामुळेच. आपण ज्याला सवय म्हणता तिच्या आत हे असू शकते, आणि शुभवर्तमानात येशूने ज्या विश्वासाची सर्वांत मोकळेपणाने वाखाणणी केली तो नेमका असाच, एका शिपाईगड्याचा विश्वास होता.

कफर्णहूमच्या शताधिपतीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली असेल, पण या वेळी मत्तयाचा आठवा आणि लूकचा सातवा अध्याय शेजारी ठेवून वाचा. शताधिपती म्हणजे नावाप्रमाणे शंभर शिपायांचा नायक. प्रत्यक्षात रोमी फौजेच्या अशा तुकडीत सुमारे ऐंशी माणसे असत. म्हणजे हा काही सेनापती नव्हे. वरून हुकूम घेणारा आणि खाली हुकूम देणारा, आपल्याकडच्या सुभेदार-हवालदारांच्या जवळचा माणूस. त्याचा चाकर मरणाला टेकला आहे. लूक सांगतो की तो स्वतः येशूपुढे येतच नाही. आधी यहूदी वडीलजनांना पाठवतो, मग मित्रांकरवी निरोप देतो की आपण माझ्या छपराखाली यावे इतकी माझी योग्यता नाही, आपण फक्त शब्द बोला. परजातीयाच्या घरात पाऊल ठेवणे यहूदी माणसाला विटाळाचे वाटत असे, हे या माणसाला चांगले ठाऊक असणार. म्हणून त्या निरोपात नम्रता आहे तशी येशूला अडचणीत न टाकण्याची काळजीही आहे.

मग तो आपले कारण सांगतो, आणि ते कारण बराकीतले आहे. मीही अधिकाराखालचा माणूस आहे, माझ्या हाताखाली शिपाई आहेत, एकाला जा म्हटले की तो जातो, दुसऱ्याला ये म्हटले की तो येतो. धर्मशास्त्रातला एकही शब्द त्याच्या तोंडी नाही. आपल्याला काय जाणवते, किती तळमळ आहे, रात्रभर कशी प्रार्थना केली, यातले तो काहीच सांगत नाही. रोजच्या नोकरीतून त्याला एवढेच कळले आहे की शब्दाचे वजन तो बोलणाऱ्याच्या अधिकारावर ठरते, ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीवर ठरत नाही. कडाक्याच्या थंडीत कंटाळलेल्या शिपायाला दिलेला हुकूम त्याच्या कंटाळ्यामुळे रद्द होत नाही. यावर येशूला आश्चर्य वाटले, असे दोन्ही शुभवर्तमाने सांगतात. येशूला आश्चर्य वाटल्याचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत दोनच प्रसंगी येतो: एकदा नासरेथच्या आपल्याच लोकांच्या अविश्वासाबद्दल, आणि एकदा या परक्या शिपायाच्या विश्वासाबद्दल.

इथे आपण मला थांबवाल, आणि थांबवावेच. त्याचा चाकर बरा झाला. माझी आई बरी झाली नाही. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि कोणी आपल्याला घाईघाईने उत्तर देत असेल तर ते ऐकायला आपण बांधील नाही. आपली प्रार्थना कमी पडली, मंडळीचा विश्वास कमी पडला, असे कोणी सुचवले असेल तर ते चूक आहे आणि निर्दयही आहे. शुभवर्तमानात चाकराच्या विश्वासाविषयी एक अक्षर नाही. तो बिचारा आजारी होता, इतकेच. मी आपल्याला फक्त दुसऱ्या एका शताधिपतीकडे नेऊ शकतो. मार्काच्या पंधराव्या अध्यायात तो वधस्तंभासमोर उभा आहे. त्याच्यासमोर कोणी बरे झाले नाही. 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' अशी आरोळी त्याने ऐकली, आणि तिला आकाशातून काही उत्तर आले असे मार्क लिहीत नाही. येशूने कसा प्राण सोडला ते पाहून हा शिपाई म्हणाला, खरोखर हा मनुष्य देवाचा पुत्र होता. जिथे प्रार्थनेला उत्तर मिळाल्याचे दिसत नाही अशा जागी शेवटपर्यंत उभ्या राहिलेल्या, ड्युटीवरच्या माणसाच्या तोंडी मार्काने ही कबुली घातली आहे. आईच्या खाटेशी अखेरपर्यंत बसलेल्या मुलीने ती वाचावी, एवढीच माझी विनंती आहे. तिचा अर्थ मी आपल्याला सांगणार नाही.

आता भावाचा आक्षेप. तो हलका नाही, आणि आपण त्याला उडवून लावू नये. 'हुकूम होता' या दोन शब्दांच्या आडोशाला इतिहासात भयंकर कृत्ये झाली आहेत. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावे असे त्यांनी विचारले, तेव्हा जुलमाने किंवा खोट्या आरोपाने कोणाकडून काही उकळू नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा, असे त्याने त्यांना बजावले. म्हणजे शिपायाच्या हातून काय होते हे त्यालाही माहीत होते. इ.स. २९५ मध्ये आजच्या अल्जीरियातील तेबेसा येथे मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या ख्रिस्ती तरुणाने फौजेत जायलाच नकार दिला आणि त्याचा शिरच्छेद झाला. मंडळी त्यालाही संत मानते. तेव्हा शिपायाचे सर्वच अनुकरणीय आहे, असे ख्रिस्ती परंपरेने कधी म्हटलेले नाही.

तरी भावाला डेस्मंड डॉसविषयी जरूर सांगा. अमेरिकेतील व्हर्जिनियाचा हा तरुण सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीतला होता. १९४२ च्या एप्रिलमध्ये तो सैन्यात दाखल झाला, तो एका अटीवर: वैद्यकीय सेवक म्हणून काय वाटेल ते करीन, पण हत्यार हातात धरणार नाही. बराकीत तो गुडघे टेकून प्रार्थना करू लागला की सोबतचे जवान त्याच्यावर बूट फेकत. अधिकाऱ्यांनी त्याला काढून टाकण्याचा प्रयत्न केला. तो चिडला नाही आणि निघूनही गेला नाही. पुढे १९४५ च्या मे महिन्यात ओकिनावा बेटावरच्या माएदाच्या कड्यावर त्याची बटालियन चढली आणि तोफा व मशीनगनच्या माऱ्याने मागे रेटली गेली. जे चालू शकत होते ते खाली उतरले, जखमी वरच राहिले, आणि त्यांच्यासोबत डॉस राहिला. एकेकाला ओढत तो कड्याच्या टोकाशी आणी, दोराच्या फासात बांधी, आणि तो दोर हातातून हळूहळू सोडत त्याला खाली पोचवी. त्या वेळी आपण काय प्रार्थना करत होतो, हे त्याने पुढे अनेकदा सांगितले: प्रभू, मला आणखी एकाला वाचवू दे. एक खाली गेला की पुन्हा तेच. सुटलेल्यांची संख्या वरिष्ठांनी शंभर धरली, तो स्वतः पन्नासच्या वर जायला तयार नव्हता, आणि शेवटी नोंद पंचाहत्तरची झाली. त्याच महिन्यात हातबॉम्बने त्याचे पाय जखमी झाले, तेव्हा स्वतःला न्यायला आलेल्या स्ट्रेचरवर त्याने आपल्याहून गंभीर जखमी जवानाला घालायला लावले. मग गोळी लागून त्याचा हात मोडला, आणि एका बंदुकीचा दस्ता त्याने त्या हाताला फळीसारखा बांधला. हत्यार न धरण्याची अट घालणाऱ्या या माणसाने रणांगणावर बंदूक हाताशी घेतली ती अशी. १२ ऑक्टोबर १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्याला मेडल ऑफ ऑनर हे तिथले सर्वोच्च शौर्यपदक दिले.

डॉसने शेकडो हुकूम पाळले आणि एक पाळला नाही. कारण आपण कोणाकोणाच्या अधिकाराखाली आहोत आणि त्यांतला सर्वांत वरचा कोण, याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नव्हता. आंधळ्या ताबेदारीत माणूस हा वरचा अधिकारीच विसरलेला असतो. आणि आणखी एक खूण मला फार महत्त्वाची वाटते. कफर्णहूमच्या शताधिपतीचा सगळा खटाटोप चाकरासाठी होता, त्या काळच्या रोमी कायद्याने ज्याला मालकाच्या वस्तूहून फारशी किंमत नव्हती अशा माणसासाठी. डॉसचा दोर जखमींसाठी होता. या लोकांचे आज्ञापालन वर पाहून सुरू होते आणि पाझरते मात्र खाली, अडलेल्या माणसाकडे. हा विश्वास की परेडची सवय, असे आपण विचारले आहे. त्याचे उत्तर आपण स्वतःच ताजा कलमात लिहून ठेवले आहे, आणि 'वेळ जावा म्हणून' असे म्हणून ते बाजूला सारले आहे. ज्या इमारतीत स्वतःची बायको गेली तिची पायरी दर मंगळवारी चढणे, तिथे भांबावलेल्या अनोळखी माणसाच्या हातातला कागद घेऊन त्याला योग्य खिडकीशी उभे करणे, हे नुसत्या सवयीने होत नाही. निदान मी तरी तसे होताना पाहिलेले नाही.

प्रभुभोजनाविषयी मला अधिक स्पष्ट बोलायचे आहे, कारण तिथे आपण विनाकारण उपाशी राहत आहात. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात जे लिहिले त्याचा मागचा-पुढचा भाग वाचा. करिंथ येथे मंडळी एकत्र जमत असे तेव्हा ज्यांच्याकडे होते ते आधीच खाऊन-पिऊन घेत आणि ज्यांच्याकडे नव्हते ते भुकेले राहत. पौलाचा संताप या अपमानावर आहे. दुःखाने मन सुकून गेलेल्या माणसाला तो मेजावरून उठवत नाही. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये कधी मिस्साला, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला, गेलात तर कान देऊन ऐका: ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या अगदी आधी सगळे लोक त्या शताधिपतीचेच शब्द थोड्या फरकाने म्हणतात, की प्रभो, तू माझ्याकडे यावे अशी माझी योग्यता नाही, तू फक्त शब्द बोल. आपली मंडळी वेगळी, उपासनेची रीत वेगळी, तरी ही जुनी समज आपलीही आहे. त्या मेजाशी भरलेल्या मनाने येण्याची अट नाही. तसे असते तर मी स्वतः कित्येक रविवारी वेदीमागे उभा राहू शकलो नसतो.

एक शब्द इथे सांगावासा वाटतो. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांसारख्या संस्कारांना पाश्चात्त्य मंडळीने जे लॅटिन नाव दिले ते साक्रामेंतुम, आणि रोमी फौजेत भरती होणारा शिपाई जी शपथ घेई तिचेही नाव तेच होते. आपल्या वडिलांना कसम परेड, म्हणजे जवानांचा शपथविधी, विचारा. आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून घेतलेली ती शपथ त्यांना आजही शब्दन् शब्द आठवत असेल. त्यानंतरच्या नोकरीत ज्या सकाळी त्यांना उठावेसे वाटले नाही, त्या सकाळी शपथ खोटी ठरली नाही. आपण बाप्तिस्म्यात आणि दृढीकरणात जे बोललात तेही असेच टिकून आहे. भाकरी घेताना आपण आपल्या भावनांचा दाखला देत नसून त्या शपथेशी, आणि तिच्याही आधी प्रभूने आपल्याला दिलेल्या शब्दाशी, हात जोडून उभ्या असता. तरीही या महिन्यात हात पुढे होत नसेल तर जबरदस्ती करू नका. आपल्या पाळकांना वेळ मागून हेच पत्र त्यांना वाचून दाखवा.

झोपेविषयी आपण एकच वाक्य लिहिले आहे, पण ते मी सोडणार नाही. तीन वर्षे मन बधिर असणे आणि झोप न लागणे याला केवळ आध्यात्मिक कोरडेपणा समजू नये. फौजेत जवान आजारी पडला की एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जाऊन नाव नोंदवतो. आजार लपवून उभे राहणे ही तिथे बहादुरी मानली जात नाही, आणि डॉसही शेवटी जखमी अवस्थेत रांगत उपचारकेंद्रापर्यंत गेलाच. आपण मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तोपर्यंत शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे रात्रीही मराठीत बोलता येते.

वडिलांविषयी एक गोष्ट त्यांच्या बाजूने बोलून झाल्यावर आपल्या बाजूनेही म्हणायला हवी. शिपायाला दुःख झाकायला शिकवलेले असते, आणि घरात त्याची किंमत मुले मोजतात. 'ड्युटी आहे' हे उत्तर खरे होते, पण आई गमावलेल्या मुलीला ते अपुरे होते, आणि आपल्याला राग आला यात आपली चूक नाही. त्यांना काय जाणवते, हा प्रश्न बहुधा त्यांना पेलला नसावा. तो बदलून पाहा. सर्वांत लांब वाटलेला पहारा कुठे दिला आणि ती रात्र कशी काढली, हे विचारा. आणि एखाद्या मंगळवारी शाळेतून अर्धा दिवस रजा काढून त्यांच्याबरोबर जा, काही करायला म्हणून नव्हे, नुसते सोबत. प्रार्थनेचे म्हणाल तर आपली स्वतःची प्रार्थना काही दिवस बाजूला ठेवली तरी चालेल. पहाटे पाच वाजता त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसा आणि ते वाचतील ते ऐका. डोळे मिटले नाहीत तरी हरकत नाही.

ते कोणते स्तोत्र वाचतात हे आपण लिहिलेले नाही. एखाद्या दिवशी एकशेतिसावे वाचायला सांगा. खोल गर्तेतून देवाला मारलेली ती हाक आहे, आणि तिच्या सहाव्या ओवीत पहारेकरी पहाटेची जितकी वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असे म्हटले आहे. मूळ हिब्रूत ते पहारेकऱ्यांचे शब्द लागोपाठ दोनदा आले आहेत, जणू म्हणणारा तिथेच थांबला आणि पुन्हा पूर्वेकडे पाहू लागला. ते दोनदा का आले असावेत, हे आपल्या वडिलांना विचारा, आणि ते काय म्हणाले ते मला जरूर कळवा.

आपला,
सदरलेखक